दोन सूत

मी ओळंबा बोलतोय, आणि आडवा पडून बोलतोय. ओळंब्यानं उभं लोंबायचं असतं हे मलाही कळतं. शेहेचाळीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. पण सध्या माझा मुक्काम पुण्याच्या विश्रांतवाडीतल्या एका घराच्या खिडकीत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीशेजारी आहे. इथवर कसा आलो ते सांगतो. मला घाई नाही, तुम्हाला असेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी ओळख करून देतो. मी पितळेचा, लिंबाएवढा, गोल अंगाचा. दोरीच्या खालच्या टोकाला मी आणि वर सागाची एक चौकोनी पट्टी. दोरी पट्टीच्या बरोबर मधोमध ओवलेली आणि पट्टीची रुंदी माझ्या अंगाएवढी. गवंडी पट्टीची कड भिंतीच्या वरच्या बाजूला टेकवतो आणि मला खाली सोडतो. भिंत सरळ असेल तर मी तिला नुसता स्पर्श करून थांबतो. तिच्यावर रेललो किंवा तिच्यापासून दूर लोंबलो, तर भिंत वाकडी. एवढंच माझं शास्त्र, पण त्यावर मी अनेकांची झोप उडवली आहे.

माझा जन्म १९५७चा. तांबट आळीतल्या एका ओताऱ्यानं मला ओतलं आणि वैजनाथ नावाच्या माणसानं विकत घेतलं. वैजनाथनं आदल्या वर्षी धम्मदीक्षा घेतली होती. गावाकडून पुण्याला आल्यापासून तो बिगारी होता. दुसऱ्यांना घमेली भरून द्यायची, त्यांनी भिंत बांधायची. हत्यार त्याच्या हातात कोणी देत नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःचं हत्यार घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सांगितलं की आजपासून मी भिंत धरणार. लोक हसले. संध्याकाळी मला त्याच्या भिंतीला लावून पाहिलं, तेव्हा हसायचे थांबले.

प्रौढांच्या वर्गात तो अक्षरं शिकत होता. छिन्नीच्या टोकानं त्यानं माझ्या पट्टीवर ‘वै’ कोरला. पट्टी धरताना ते अक्षर आपल्याला सुलटं दिसलं पाहिजे, असा त्याचा नेम होता. त्यामुळे पट्टीची एकच कड नेहमी भिंतीकडे जायची. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. आम्ही कोणी ठेवली नाही.

वैजनाथनं अर्ध्या डेक्कन जिमखान्याच्या भिंती उभ्या केल्या आणि स्वतः येरवड्याला पत्र्याच्या खोलीत राहिला. त्याचा मुलगा सुखदेव डिप्लोमा करून सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाला, त्या दिवशी म्हाताऱ्यानं मला धोतराच्या टोकानं पुसून पोराच्या हातात ठेवलं.

“कागदावर सही करायच्या आधी ह्याला विचारत जा,” तो म्हणाला.

सुखदेवनं ते शब्द तंतोतंत पाळले. मी त्याला चौदाव्या वर्षापासून ओळखतो म्हणून एकेरीत बोलतोय. बाकी सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि चळाचळा कापायचे. ठेकेदार चहा मागवायचे, खुर्ची पुसायचे. सुखदेव खुर्चीवर न बसता खिशातून मला काढायचा, ‘वै’ स्वतःकडे करायचा, पट्टी भिंतीला टेकवायचा. मी भिंतीवर रेललो की तो मान हलवायचा आणि गडी पहारी शोधायला लागायचे. एका इंचाचे सूत आठ. दोन सुतांसाठी त्यानं शाळेची अख्खी भिंत पाडायला लावलेली मी पाहिली आहे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

त्याची बायको हिराबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना मी अहो-जाहो करतो, कारण पुढे कळेल. अभय आणि दीपाली ही दोन मुलं. राहायला सरकारी क्वार्टर, पिवळ्या डिस्टेंपरच्या भिंती, वर्षाआड गळणारा सज्जा. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. सुखदेवची निवृत्ती २००१ला होती. १९९४ साली हिराबाईंनी विषय काढला. सासऱ्यांनी जन्मभर लोकांची घरं बांधली, तुम्ही जन्मभर लोकांची तपासलीत, आता एक आपलं बघा, असं त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता आणि खूप दिवसांची इच्छाही होती.

दिवस बदलायला लागले होते. बुधवार पेठेत रेडिओचे व्हॉल्व्ह विकणारे संगणकाच्या तारा मांडून बसले होते. कर्ज म्हणजे लाज असं मानणारी माणसं हप्त्यांवर स्कूटर आणत होती आणि घराला ‘गुंतवणूक’ म्हणत होती. त्या पावसाळ्याआधी दोन घरं सांगून आली.

एक नारायण पेठेत. जुनी जागा मोकळी करून बांधलेली, एकमेकांना खेटून उभी चार अरुंद घरं. खाली एक खोली, वर दोन, त्यावर गच्ची. त्यांना रो-हाऊस म्हणायची नवी पद्धत निघाली होती. ते सुचवलं हिराबाईंच्या धाकट्या भावानं, दिगंबरनं. तो बँकेत होता आणि बोलणं मोजून-मापून करायचा. त्याचं म्हणणं, पेठेतल्या जागेचा भाव कधी पडत नाही. मंडई चालत, दवाखाना चालत. तुम्हाला नको झालं तरी खालची खोली क्लासवाल्याला भाड्यानं जाईल. भिंत शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायची, एवढं सोसलं की झालं.

दुसरं इथलं, विश्रांतवाडीचं. दोन गुंठ्यांत सुटं बैठं घर, मागे विहीर, पेरूचं झाड. रस्ता कच्चा, बस तासाला एक. अभय तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, “पप्पा, घर जुनं होतं, जमीन जुनी होत नाही. लाँग टर्म बघा ना.” दिगंबर म्हणाला की लांबचा विचार करायला आधी लांब राहायला जावं लागतं, आणि रोज तिथून परतही यावं लागतं. दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती.

सुखदेवनं दोन्हीकडे मला नेलं.

नारायण पेठेत दलालानं कुलूप उघडलं. शेजारच्या जिन्यातून एका गृहस्थांनी “आपलं आडनाव?” असं विचारलं, ते ऐकलं, “बरं” म्हणाले आणि वर निघून गेले. त्या ‘बरं’चा अर्थ काय घ्यायचा, हे हिराबाई बसमध्ये मनात घोळवत होत्या. सुखदेवचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीवर खूश होता. मी तिला नुसता टेकून थांबलो होतो, केसभरही इकडेतिकडे नाही.

विश्रांतवाडीच्या घराची मालकीण कांताबाई, भंडाऱ्याकडची. नवरा खडकीच्या कारखान्यात होता, तो वारला होता. ती लेकीकडे नागपूरला जाणार होती. आम्ही उन्हातून आलो तशी तिनं कोण, कुठले, काहीही विचारलं नाही. विहिरीचं पाणी पितळी तांब्यातून आणलं आणि हिराबाईंच्या हातात दिलं. हिराबाईंनी तांब्या संपवला आणि आणखी मागितला. त्या असं कुठे करत नसत.

मग सुखदेवनं मला मागच्या भिंतीला लावलं. मी भिंतीवर सपशेल रेललो. मोकळा लोंबण्यासाठी पट्टी दोन सूत बाहेर ओढावी लागली.

“भिंत दोन सूत बाहेर आहे,” सुखदेव म्हणाला.

कांताबाईनं तांब्या खाली ठेवला. “साहेब, ही भिंत आमच्या मालकांनी रविवारी-रविवारी स्वतःच्या हातानं उभी केली आहे. अकरा रविवार लागले.”

“असेल. पण वाकडी आहे.”

ती तांब्या उचलून आत गेली. तिचा चेहरा मला आजही आठवतो. मी तेव्हा सुखदेवच्या मुठीत होतो आणि आपण खरं तेच सांगितलं म्हणून ताठ होतो.

परतताना हिराबाई म्हणाल्या की मला हेच घर हवं. सुखदेव म्हणाला, डोळ्यांदेखत वाकडी भिंत कशी घेऊ? पेठेतलं घेऊ. पण नवं बांधकाम आहे, एक पावसाळा खाऊ दे, भिंत कशी बसते ते पाहू आणि मग सही करू. ही त्याच्या खात्यातली रीत होती. पावसाळा झाला, भिंत जागची हलली नाही, पण घर दुसऱ्यानं घेतलं. कांताबाईचंही घर वाहनांच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं आणि भाड्यानं देऊन टाकलं.

त्यानंतर आम्ही सात वर्षं घरं बघितली. धानोरी, वडगाव शेरी, बिबवेवाडी, कोथरूड. जिथं पाण्याची सोय होती तिथं मी भिंतीवर रेलायचो आणि जिथं मी नीट टेकायचो तिथं बाकी सगळ्याची बोंब असायची. एकोणीस घरं मोजून नाकारली. तोवर अभय सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागला, दीपालीचं लग्न झालं. पुण्यात कुठून कुठून माणसं आली आणि प्रत्येकाला घर हवं होतं. ज्या भावाला सुखदेव महाग म्हणून हसला होता, तो भाव दोन वर्षांत स्वस्त वाटायला लागायचा. हिराबाईंनी बोलणं कमी केलं. बघायला चला म्हटलं की येत, बाहेर उभ्या राहत, आणि तो मान हलवत आला की चपला घालून निघत. माझ्याकडे त्या रागानं बघतात असं मला वाटायचं. मी म्हणायचो, माझा काय दोष?

२००१च्या जूनमध्ये क्वार्टर सोडावं लागलं. एवढ्या घाईत भाड्यानं मिळालं ते घर कोणतं, हे तुम्ही ओळखलं असेलच. विश्रांतवाडीचं, पेरूच्या झाडाचं. हिराबाई आत शिरल्या त्या थेट विहिरीवर गेल्या. सुखदेवनं मागच्या भिंतीकडे एकदा पाहिलं, खिळा ठोकला आणि मला तिथं टांगलं. वाकडीच भिंत, खिळ्यानं आणखी काय बिघडणार, असं म्हणाला.

पुढच्या वर्षी न्हाणीघराची आडभिंत बांधायला उत्तरेश्वर नावाचा गवंडी आला. उस्मानाबादकडचा, सत्तरीला टेकलेला. सुखदेवला पाहून त्यानं लवून नमस्कार केला. त्याचा स्वतःचा ओळंबा घरी राहिला होता, म्हणून त्यानं मला खिळ्यावरून काढलं. अक्षराकडे त्यानं पाहिलंही नाही. पट्टी हातात आली तशी धरली आणि नव्या भिंतीआधी, हात बसावा म्हणून, मला मागच्या भिंतीला लावून बघितलं.

मी भिंतीला नुसता टेकलो आणि थांबलो.

सुखदेव खुर्चीतून उठला. त्यानं मला उत्तरेश्वरच्या हातातून घेतलं, ‘वै’ स्वतःकडे केला आणि तीच भिंत पुन्हा बघितली. मी रेललो. पट्टी फिरवली. मी टेकलो. असं चार वेळा झालं. मग त्यानं पट्टीची कड बोटानं चाचपली. पंचेचाळीस वर्षं दगडाला, विटेला घासून ती एकच कड झिजली होती. वेडीवाकडी झिजली असती तर डोळ्यांना दिसली असती, पण ती रंध्यानं तासावी तशी एकसारखी झिजली होती. बरोबर दोन सूत.

“ही पट्टी झिजली आहे,” तो म्हणाला.

उत्तरेश्वर घमेलं ढवळत होता. “व्हय साहेब. लई सालं झाली.”

“तुला कसं माहीत?”

“मी तुमच्या शाळंच्या कामावर हुतो की. ती भिंत पाडली न्हाई का तुमी? मंग आमी वरनं दोन सूत फुडं घिऊन बांधली, ती पास झाली. त्येच्या फुडं समदे गवंडी तुमच्या वळंब्यात बसंल तशीच भिंत बांधायचे.”

“मला सांगितलं का नाही?”

“तुमी इच्यारलं कवा?” उत्तरेश्वर म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यानं सरळ विचारलं होतं.

मला काय वाटलं ते सांगायलाच हवं. मी लाजलो. पितळेला लाज नसते असं समजू नका. माझ्या शब्दावर भिंती पडल्या, माझ्या शब्दावर एका बाईचे अकरा रविवार वाकडे ठरले. मी खोटं बोललो नव्हतो, पण जे बोललो ते खरंही नव्हतं. सुखदेव दुसऱ्यांच्या गवंड्यांना रोज सांगायचा की सकाळी आधी हत्यार तपासा. स्वतःचं त्यानं कधीच तपासलं नाही, कारण ते बापाचं होतं आणि त्यावर बापाचं अक्षर होतं.

संध्याकाळी त्यानं हिराबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी निवडून संपवली.

“भिंत सरळ असणार हे मला तेव्हाच वाटलं होतं,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“जी बाई न विचारता पाणी देते, तिच्या नवऱ्यानं भिंत कशाला वाकडी बांधली असेल?”

हे काही शास्त्र नव्हे, हे मला कळतं. पण आमच्या शास्त्रानं काय दिवे लावले होते? तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनातही अहो-जाहो करतो.

सुखदेवला चैन पडेना. हिशेब सरळ होता. इथली भिंत सरळ होती, तर ज्या भिंतीला मी त्याच पट्टीनं सरळ म्हटलं ती नारायण पेठेतली भिंत वाकडी असणार. रविवारी तो दिगंबरला घेऊन तिकडे गेला आणि बाहेरूनच, रस्त्यावर उभं राहून, पट्टी उलटी धरून त्यानं मला सोडलं. भिंत वरून दोन सूत पुढे होती. पण घर ठणठणीत होतं. खाली इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालले होते, दारात चपलांचा ढीग, आणि वरच्या खिडकीतून कोणीतरी आम्ही काय करतोय ते विचारत होतं. किंमत म्हणे पाचपट झाली होती.

“दाजी,” दिगंबर शांतपणे म्हणाला, “सरळ घर चौपट झालं, वाकडं पाचपट. एकही न घेणारा तेवढा होता तिथंच राहिला.”

सुखदेवनं माझी दोरी पट्टीला गुंडाळली. मला खिशात टाकून तो चालत नदीच्या पुलापर्यंत गेला.

२००३ साली व्यापाऱ्यानं विश्रांतवाडीचं घर विकायला काढलं. अभयला खरं तर बाणेरला रो-हाऊस हवं होतं, ऑफिसजवळ. त्यानं संगणकावर तक्ता मांडला. एका बाजूला रो-हाऊस, दुसऱ्या बाजूला हे. तो बापाला समजावत होता की अशा जुन्या घराचं बांधकाम शून्य धरायचं, फक्त जमिनीचे पैसे मोजायचे.

“भिंत शून्य धरू नकोस,” सुखदेव म्हणाला. “माझ्या चुकीचे पैसे मी भरतो. उरले त्याचं कर्ज तू काढ. पण घर तुझ्या आईच्या नावावर.”

अभयनं तक्त्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि संगणक बंद केला. आता तो रोज दोन तास जायला आणि दोन तास यायला घालवतो आणि रोज कुरकुरतो. ते घर चौपट भावानं घेतलं. खात्यातून मिळालेली सगळी शिल्लक त्यात गेली. नोंदणीच्या दिवशी हिराबाईंनी सही केली. सही करण्याआधी त्यांनी मला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात सुखदेवनं शेजाऱ्यांकडून कांताबाईचा नागपूरचा पत्ता मिळवला आणि पोस्टकार्ड घेऊन बसला. तीन कार्डं फाडली. जन्मभर ‘काम असमाधानकारक’ असे शेरे लिहिणारा माणूस, त्याला हे जमेना. शेवटी लिहिलं: “आपल्या मालकांची भिंत सरळ आहे. माझा ओळंबा चुकीचा होता. क्षमा करावी.” खाली हिराबाईंनी एक ओळ घातली: “विहिरीचं पाणी अजून तसंच गोड आहे, या एकदा प्यायला.”

महिनाभरानं उत्तर आलं. अक्षर नातीचं असावं, बोलणं कांताबाईचंच. भिंत सरळ आहे हे आपल्याला ठाऊकच होतं, असं तिनं आधी लिहिलं होतं. मग पेरूच्या झाडाची चौकशी होती, गुडघ्यांची तक्रार होती. आणि शेवटी: “मागच्या भिंतीला खिळा मारू नका. आमच्या मालकांना आवडायचं नाही.”

सुखदेवनं ते मोठ्यानं वाचलं आणि मान वर करून भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीला एकच खिळा होता आणि त्याला मी लोंबत होतो.

त्यानं मला उतरवलं. पक्कडीनं खिळा काढला, वाटीत चिमूटभर सिमेंट कालवलं आणि अंगठ्यानं भोक बुजवलं. मग पट्टी भिंतीला टेकवली. या वेळी ‘वै’ त्याला उलटा दिसत होता. साठ वर्षांचा माणूस बापाचं अक्षर उलटं धरून होता, आणि त्यानं पट्टी फिरवली नाही. मी खाली आलो, हललो, आणि कांताबाईच्या मालकांच्या भिंतीला नुसता टेकून थांबलो.

तर असा मी खिडकीत आलो. इथं सकाळचं ऊन येतं, तक्रार नाही. तुम्ही पेठेत घर बघा नाहीतर वेशीबाहेर बघा, एकमेकांना खेटलेलं बघा नाहीतर सुटं. कुठलं फळेल ते मला विचारू नका, माझा अंदाज तुम्ही पाहिलाच. बरोबर न्यायचंच असेल तर मला जरूर न्या, मी अजून कामाचा आहे. फक्त भिंतीला लावण्याआधी माझी पट्टी एकदा फिरवून बघा, मग तिच्यावर कोणाचंही अक्षर असो. आणि घरात कोणी पाणी दिलं, तर ते आधी प्या.